जिनाचा माणूस

सबीहाच्या घरात जुळवाजुळवीचा धंदा दोन पिढ्यांचा. तिची फुफी, म्हणजे आत्या, खुर्शीदबी अमरावती ते अकोट या टापूतले निकाह जमवायची. सबीहा परदेशातले तज्ज्ञ आणि इथल्या संस्था जमवायची. फुफीला मिठाई मिळायची, सबीहाला पगार. बाकी कामात काही फरक नाही असं फुफीचं मत होतं, आणि नोकरीला लागून वर्ष होत आलं तरी सबीहाला ते खोडून काढता आलेलं नव्हतं.

पद्धत अशी होती. तिकडे निवृत्त झालेली, हातात कसब आणि वेळ दोन्ही शिल्लक असलेली माणसं कार्यक्रमाच्या संगणकावर आपली माहिती नोंदवत. इकडची एखादी डेअरी, एखादा कारखाना आपली अडचण नोंदवी. संगणक दोन्हीकडचे शब्द ताडून नावं सुचवी. मग मधला माणूस दोघांशी बोले, स्वभावाचा अंदाज घेई, आणि दोन्हीकडून कबुली आली की विमानाचं तिकीट कार्यक्रमाचं, राहणं-जेवण यजमानाचं आणि पाहुणा तीन आठवडे मुक्कामी. अमरावती विभागापुरता हा मधला माणूस म्हणजे सबीहा.

"म्हंजे स्थळंच की," फुफी म्हणे. "फक्त तुह्या दूल्ह्याले मेहेर द्या लागत नाई."

कार्यक्रमाच्या दिल्ली कार्यालयातल्या मनोज सरांना मात्र मधला माणूस हा निव्वळ खर्च वाटे. संगणक जुळवतोच आहे, तर अमरावतीत टेबल-खुर्ची कशाला? सबीहाची पहिली स्वतंत्र जुळणी कशी होते ते पाहून टेबल ठेवायचं की उचलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. टेबल उचललं तर सबीहाला पुन्हा कोचिंग क्लासमध्ये कर्तरीचं कर्मणी करत बसावं लागणार होतं. माणसं जोडण्याची चटक लागलेल्या बाईला वाक्यं मोडायला बसवणं ही शिक्षाच.

पहिली जुळणी ठरली ती अकोटच्या सहकारी जिनाची.

कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याला अकोटात जिन म्हणतात. या जिनात सरकी निघताना फुटत होती, हीच त्यांनी नोंदवलेली अडचण. सबीहाचे अब्बा तिथं वजनकाट्यावर होते, त्यामुळे 'अब्बा जिनात गेले' हे तिच्या बालपणातलं रोजचं वाक्य. दुसरा जिन चिंचेच्या झाडावर राहायचा आणि न जेवणाऱ्या पोरांना घेऊन जायचा. या शब्दाला तिसराही अर्थ असतो, याचा घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण तो अर्थ बाटलीत मिळतो, आणि तसलं दुकान आलं की घरातली माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जात.

संगणकानं नेदरलँड्सचे विलेम सुचवले. चाळीस वर्षं जिनमध्ये, तीन पिढ्यांचा अनुभव. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. सबीहा व्हिडिओ कॉलवर स्वतः बोलली.

"आमचा जिन शंभर वर्षांचा आहे," ती अभिमानानं म्हणाली.

विलेमनी डोळे मिटले. "शंभर वर्षांचा! मी आलोच."

"पण फार आवाज करतो."

ते पोट धरून हसले. भारतीय लोक इतके विनोदी असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

डिसेंबरात ते आले. उंच, लाल गालांचे, गळ्यात रुमाल. अकोटच्या जिनाच्या फाटकात अध्यक्ष खुशालराव हार घेऊन उभे होते. आत यंत्रं धडधडत होती, कापूस हवेत उडत होता. विलेमनी सगळीकडे पाहिलं, नाक वर करून वास घेतला, आणि अत्यंत अदबीनं सबीहाला विचारलं, "छान. आणि दारू गाळण्याची भट्टी कुठे आहे?"

सबीहानं पुन्हा विचारायला लावलं. मग तिच्या डोक्यात अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा अर्थ हळूहळू उतरला. उरलेले दोन टक्के म्हणजे कापूस.

"काय म्हनून राहिला वं, बेटी, हा?" खुशालरावांनी विचारलं.

सबीहानं सांगितलं. खुशालरावांचा हार हातातच राहिला.

"बाप्पा! म्हंजे दारूवाला हाय हा?"

"हो, काका. माझीच चूक झाली."

"अन् तू हे मले आत्ता सांगतं? आदी सांगतलं असतं, त सरकीचं रडगानं कायले गायलं असतं म्यां?" असं म्हणून त्यांनी विलेमच्या गळ्यात हार घातला, तोही जरा जास्तच प्रेमानं.

विलेमना सगळं कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. सरकीच्या ढिगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण सबीहाला हसू येईना. पाहुणा परतला की टेबल उचललं जाणार. तिनं फुफीला फोन लावला.

"पाहुणा वापस नको धाडू," फुफी म्हणाली. "मी एक डाव दूल्ह्याले चुकीच्या घरी नेलं होतं, मालूम हाय न तुले? चहा होईलोक कोनाले समजलंच नाई. त्या घरी बी पोरगी होतीच. आज पाच लेकरं हायेत त्याईले."

"पण फुफी, जमलं कसं?"

"पोरगा काय करते ते पाह्यलं म्यां. त्याले काय म्हनतात ते तू पाह्यत बस."

सबीहानं फोन ठेवला. हा माणूस करतो काय? भांडं तापवतो, वाफेचं पाणी करतो आणि वास पकडतो. वास पकडणारा अकोटात दुसराही एक होता. मशिदीमागच्या गल्लीतले इनायतुल्ला अत्तरवाले. त्यांचा गुलाब चांगला निघे, पण संत्र्याच्या सालीचं तेल काढायला गेले की करपट वास यायचा. त्यांनीही तज्ज्ञ मागितला होता. संगणकानं तो अर्ज सौंदर्यप्रसाधनांत टाकून ब्राझीलचा केशरचनाकार सुचवला, आणि सबीहानं ते स्थळ स्वतः नाकारलं होतं. इनायतचाचांना पूर्ण टक्कल होतं.

ती विलेमना घेऊन गल्लीत गेली. खुशालराव, कुणी बोलावलं नसताना, मागोमाग आले.

इनायतुल्लांनी तिला बाजूला घेतलं. "बेटा, हा त दारू बनवते. माह्या देगीतलं अत्तर लोकं नमाजले जाताना लावतात."

"चाचा, दारू तो तिकडं बनवतो. इथं साल तुमची, देग तुमची. जे निघेल ते तुमचंच."

तिकडे विलेम तांब्याच्या देगीपुढे, अर्क काढायच्या त्या हंड्यापुढे, गुडघ्यावर बसले होते. त्यांनी ती बोटानं वाजवली, कान लावला, मग झाकणाखाली नाक घालून इतका वेळ श्वास घेतला की इनायतुल्लांचा चेहरा सैल झाला.

"नाक हाय याले," ते म्हणाले. "राहू दे. पर हात धुवाले सांग."

रोग दुसऱ्या दिवशी सापडला. साल तळाला टेकून करपत होती. विलेमनी पाण्याच्या वर एक जाळी बसवायला लावली आणि जाळ निम्म्यावर आणला. झाकणाची फट बुजवायला मात्र त्यांना रबर हवं होतं, आणि इनायतुल्लांना माती-कापूस. आधी रबर झालं. तेलाला सायकलच्या ट्यूबचा वास आला. मग मुलतानी माती आणि खुशालरावांच्या जिनातला कापूस आला, आणि वाफ जागच्या जागी राहिली. विलेमनी तो लेप बोटानं दाबून पाहिला, फोटो काढला आणि घरी पाठवला.

नळीतून भपक्यात, गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, थेंब पडू लागले. विलेम म्हणाले, "पहिली धार फेका."

सबीहानं भाषांतर केलं आणि खुशालराव उठून उभे राहिले. "पहिल्या धारेची फेकून देते? अरे, याले तज्ज्ञ कोनं केलं!"

पण फेकली. नंतर पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर धरला. कुणी काही बोलायच्या आत इनायतुल्लांची बायको यास्मीन पीठ लागलेल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एवढी संत्री कोन सोलून राहिलं? मले एकबी नाई?"

इनायतुल्लांनी विलेमना मिठी मारली. मिठी छातीपर्यंतच पोचली, पण मारली. मग उरलेल्या दिवसांत भातकुलीपर्यंतच्या रसवाल्यांकडून सालीची पोती येत राहिली, आणि विलेमना 'हाव' आणि 'नाई' हे दोन शब्द योग्य जागी वापरता येऊ लागले. निघताना ते सबीहाला म्हणाले, "पुढच्या वेळीही मला चुकीच्याच ठिकाणी पाठव."

सबीहानं दिल्लीला सगळं खरं खरं कळवलं, तिसऱ्या अर्थासकट. मनोज सरांचा फोन आला.

"म्हणजे संगणकानं जुळवलेलं फसलं?"

"हो, सर. मीही फसले."

"आणि तुम्ही चुकून जे जुळवलं, ते जमलं?"

"चुकून नाही, सर. ते वास घेऊन."

तिनं टेबलावरून हात फिरवला.

"सबीहा, तुमच्या टेबलाला खण आहेत का?"

"नाहीत, सर."

"मग खणांचं घ्या."

ती फुफीला सांगायला फोन उचलणार, तोच तो वाजला. खुशालराव.

"बेटी, आमच्या जिनाचं काय? सरकी अजून फुटूनच राहिली न."

"काका, या वेळी मी नुसतं कापूस लिहिते. दुसरा अर्थच निघणार नाही."

"लिही, लिही. मोठ्या अक्षरात लिही." मग आवाज खाली आला. "पर एका कोपऱ्यात, बारीक, जिन बी राहू दे. आला त आला."