यूनुसबाबाची खुर्ची

सासऱ्यांचं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ते जाईपर्यंत प्रमिलावहिनींनीच त्यांना उचललं, बसवलं, कूस बदलून दिली. नंतर त्या अबू धाबीला आल्या. सदानंद, त्यांचे यजमान, तिथल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपात अकाउंट्स बघायचे. फ्लॅटमध्ये भिंतींशी किती बोलणार? म्हणून वहिनी आपल्या लोकांच्या सेवा क्लबात जाऊ लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काय हवं असतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

सत्त्याण्णव साली क्लबाने फुजैराकडच्या डोंगरातल्या एका गावी म्हाताऱ्यांना व्हीलचेअर द्यायचं ठरवलं. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्या चालवून पाहिल्या. छान पळाल्या. निघताना वहिनींनी एकेका खुर्चीला हात लावून मनात रामाचं नाव घेतलं.

गावातलं शेवटचं घर यूनुसबाबाचं. दारापासून सिमेंटचा रस्ता सरळ खाली खजुराच्या बागेत उतरायचा. बागेला लागून वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. नुसते गोटे. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं, पण मागच्या डोंगरांवर काळंभोर काही साचत होतं. वारा पडला होता. एक शेळी उगाचच ओरडत होती.

बाबा खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा हसला.

"वहिनी, सरका जरा, बॅनर झाकला जातोय!" क्लबाचे प्रेसिडेंट हेमचंद्रभाऊ कॅमेऱ्यामागून ओरडले.

"मग बॅनरलाच बसवा की खुर्चीत," वहिनी म्हणाल्या.

बाबाची लेक झुबेदा मात्र हसली नाही. तिने वहिनींना स्वयंपाकघरात ओढून नेलं. तिकडच्या बऱ्याच जणांसारखं तिलाही हिंदी यायचं.

"बहन, ये वापस ले जाओ."

"क्यों? देखो, कितने खुश हैं."

"मेरा भाई वादी में बह गया. मिला ही नहीं. तब से बाबा बोलते हैं, नीचे जाना है, वो बुला रहा है. पैर गए, तब जाके मैं सोई."

वहिनी तशाच बाहेर आल्या. त्यांनी हेमचंद्रभाऊंच्या कानावर घातलं.

"अहो, लिस्ट फायनल झालीय, फोटो झाले. आणि म्हातारा खूश आहे की नाही?"

खूश तर होता. वहिनींना सासऱ्यांचे दाराकडे लागलेले डोळे आठवले. खुर्ची परत न्यायचा हट्ट त्यांनी सोडला. बाबाला दोन्ही ब्रेक कसे लावायचे, ते मात्र त्यांनी नीट शिकवलं.

सगळे आत जेवायला बसले, बाबा अंगणात खुर्चीतच राहिला. मंडळी भातावर तुटून पडली. वहिनींनी नुसते दोन खजूर तोंडात टाकले. बाहेर एकदम सामसूम झाली होती. शेळीसुद्धा गप्प.

अंगणातून झुबेदाची किंकाळी आली.

खुर्ची नव्हती, बाबाही नव्हता. त्या उतारावरून खाली जायला कुणाचा हात लागत नव्हता. वर यायला दोन माणसं लागली असती, आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोघी धावत सुटल्या. सिमेंट संपत होतं तिथे, अगदी पात्राच्या काठावर, बाबा बसला होता. शिकवल्याप्रमाणे दोन्ही ब्रेक लावलेले. तोंड डोंगराकडे, ओठ हलत होते. इथे पावसाचा थेंब नव्हता, तरी वरून ट्रक खडखडत यावा तसा आवाज जवळ येत होता.

"बाबा, यल्ला, यल्ला!" चला, चला म्हणत झुबेदा रडत होती.

बाबाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. वहिनींनी एकेक बोट सोडवलं, सासऱ्यांना धरायच्या तसं काखेत धरून त्याला ओढलं. दोघींनी फरफटतच त्याला वर आणलं. मागे तपकिरी पाण्याचा लोंढा आला. खुर्ची एकदा गर्रकन फिरली नि दिसेनाशी झाली.

घरी खाटेवर बाबा शांत पडून होता. हेमचंद्रभाऊंना म्हणाला, "दूसरी लाना."

"हां हां बाबा, नेक्स्ट मंथ, पक्का!"

"नाही आणायची," वहिनी म्हणाल्या.

"अहो वहिनी..."

"नाही म्हटलं ना. मी आणू देणार नाही."

बोलणं मराठीत झालं, पण बाबाला कळलं. पुन्हा त्याने वहिनींकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी त्याने आपला एक पाय खाटेवरून खाली ढकलला, मग दुसरा. डोळे दारातून खाली वादीकडे लागलेले, नि त्या गेलेल्या पायांची बोटं जमीन चाचपत होती.