आनंद आणि चढ

मुलांच्या मनाच्या आजारांवर संशोधन करते असं सांगितलं की लोक हळूच एखाद्या भाच्याबद्दल विचारतात. माझा विषय किशोरवयातला बायपोलर. यात मन कधी भलतंच चढतं, कधी पार खाली जातं. चौदा-पंधराव्या वर्षी तो वयाच्या लहरींत असा मिसळतो की घरच्यांना ओळखूच येत नाही. उपचार घेणाऱ्या मुलांच्या घरी अधूनमधून जायचं, त्यांच्याशी आणि आईवडिलांशी बोलायचं, हे माझं काम.

वारज्यातली एक मुलगी भेटली तेव्हा दहावीत होती. वडील कारकून, आई शाळेत शिक्षिका. आदल्या वर्षी तिनं झोपणंच सोडलं होतं. घरातली कपाटं रंगवायला काढली, सोसायटीभर मोफत गणिताचा क्लास जाहीर केला, कोणी अडवलं की अंगावर धावून जायची. हुशार पोरगी, अभ्यासाचा ताण, असं घरी वाटलं. पुढे ती अंथरुणातून उठेनाशी झाली तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले.

मी गेले तेव्हा औषधांनी ती स्थिरावली होती. मी आमच्या प्रश्नावलीतला ठरलेला प्रश्न वाचला, "गेल्या महिन्यात आपली मनःस्थिती अवाजवी उल्हसित होती का?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुमच्या घरी असं बोलतात?"

"अगं, नीट उत्तर दे," आई म्हणाली.

"नाही बोलत," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

पुढे ती अकरावीत गेली. एकदा मी पोचले तेव्हा कॉलेजच्या एकांकिकेत तिला मोठी भूमिका मिळाल्याची बातमी ताजी होती. ती उभी राहून संवाद म्हणून दाखवत होती, मोठ्यानं हसत होती. आईनं हातातला चहा खाली ठेवला. "काल किती झोपलीस?"

मुलगी थांबली. मग माझ्याकडे वळली. "मी हसले की हे दोघं माझी झोप मोजतात. मला नुसता आनंद झाला तर चालतं ना?"

आईवडिलांची भीती खोटी नव्हती. ते वर्ष त्यांनी काढलं होतं. मी तिलाच विचारलं, "दोन्हींतला फरक तुला कसा कळतो?"

ती विचार करून म्हणाली, "आनंद झाला की मला तो कोणाला तरी सांगायचा असतो. चढलं की समोर कोण आहे याचंच भान नसतं. कोणी मधे बोललं तरी सहन होत नाही."

"मग आज?" वडिलांनी विचारलं.

"आज तुमचं ऐकून घेतेय ना, बाबा."

"हो, तेवढ्यानंच मला जरा काळजी वाटली," वडील म्हणाले. आई आधी हसली, मग तिनं डोळे पुसले. पण झोपेचं उत्तर तिनं घेतलंच. मुलगी नीट झोपली होती.

हे मी आमच्या संशोधन गटात सांगितलं. रीतसर परवानग्या घेऊन काही मुलांना आम्ही प्रश्नांची भाषा सोपी करायला सोबत बसवलं. त्यात ती होतीच. 'उल्हसित' गेलं, 'डोकं पळत होतं का' आलं. शेवटी एक नवा प्रश्न घातला: या महिन्यात कशाचा आनंद झाला? आमचे वरिष्ठ म्हणाले, "अहो, यात लक्षण कुठंय?" मी म्हटलं, "नाहीये, म्हणूनच विचारायचाय." ते थोडा वेळ कुरकुरले आणि त्यांनी तो राहू दिला. आता घरोघरी सगळ्यात जास्त बोलणं त्याच प्रश्नावर होतं, आणि बऱ्याचदा आई-वडीलही मधे पडून सांगू लागतात.

मुलगी आता वाघोलीला इंजिनिअरिंग शिकते. मधे एकदा आजारानं पुन्हा डोकं वर काढलं, पण झोप उडताच तिनं स्वतःच डॉक्टरांना फोन केला आणि ते लवकर आवरलं. औषधं चालू आहेत, कुरकुरही चालू आहे. परवा तिच्या आईनं मला सहज फोन केला. "लेक हॉस्टेलवर, आम्ही दोघं सहलीला निघालोय," म्हणाल्या. बॅग भरताना काय काय विसरलं, हेच त्या बराच वेळ हसत हसत सांगत होत्या, आणि मी ऐकत होते.