दोन ठिपक्यांचं सिलिंडर

माझे मोठे काका आयुष्यभर शिलाई मशीन दुरुस्त करत आले, पण लोक त्यांना ओळखतात ते 'पिस्टनकाका' म्हणून. मॉडेल विमानांची जुनी इंजिनं असतात, मुठीत मावतील एवढी. ती बनवणारे कारखाने कधीच बंद पडले. सुटा भाग कुठेच मिळाला नाही की माणूस शेवटी काकांच्या दारात येतो. बंद पडणाऱ्या दुकानांत आणि कुणाकुणाच्या माळ्यांवर हुडकून आणलेले भाग त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवलेत. नियम एकच, तुटलेला तुकडा आधी दाखवायचा. नुसतं नाव सांगणाऱ्याला ते सरळ हात हलवत परत पाठवतात.

"एकाच नावाच्या दोन इंजिनांचे आटेसुद्धा जुळत नाहीत. नाव काय चाटायचंय?"

काकूचं यावर ठरलेलं वाक्य आहे. "माझं कानातलं हरवून वीस वर्षं झाली, ते नाही सापडत यांना. मोहरीएवढा स्क्रू मात्र डोळे मिटून सापडतो."

माझे बाबा म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. दोघांनी एकाच दिवशी एकसारखी इंजिनं घेतली होती. दर रविवारी मैदानावर जायचे. बाबा मधोमध विमानाला बांधलेल्या तारांची मूठ धरून उभे राहायचे, आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला काका गुडघ्यावर बसून घरघरणारं विमान दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. मग ओरडायचे, "सोडू का रे?" बाबांनी हात वर केला की विमान सुटून त्यांच्याभोवती गोल घिरट्या घालायचं. काकांचं स्वतःचं विमान मात्र पुढे पुढे खिळ्यालाच टांगलेलं असायचं. कंबर दुखते म्हणायचे. मला वाटायचं, नुसता आळस. मी तसं एकदा तोंडावर बोललेही होते.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या शर्टांना इंजिनाच्या इंधनातल्या एरंडेलाचा वास असायचा, तोही हळूहळू गेला. मला त्यांचं इंजिन एकदा, फक्त एकदा, चालताना ऐकायचं होतं. पण आतला पिस्टनचा दांडा वाकलेला होता, म्हणून मी ते काकांकडे घेऊन गेले.

काकांच्या बोटांची जाण साखरेच्या आजारानं गेलीय. चिमटीत टाचणी धरली तरी त्यांना कळत नाही. म्हणून ते खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी करत होते. त्याच जातीची तीन मोडकी इंजिनं त्यांनी काढली, चांगला दांडा त्यातून मिळेल म्हणून. "उघडतेच आहेस तर माझंही उघड, तेल गोठलं असेल," म्हणाले. अशी पाच इंजिनं. प्रत्येक इंजिन हाती येताच काकांनी त्याच्या सांगाड्यावर आणि सिलिंडरवर बारीक ठिपके कोरले होते. बाबांचा एक ठिपका, काकांचे दोन, बाकीच्यांचे तीन, चार, पाच.

"प्रत्येकाला वेगळी वाटी," असं सांगून काका औषध घ्यायला आत गेले.

मी कपडे शिवते, हात भराभर चालवायची सवय. एवढ्याशा तुकड्यांसाठी पाच वाट्या कशाला घाण करा, म्हणून मी पाचही इंजिनं उघडून सगळं एकाच पातेल्यात रॉकेलमध्ये ओतलं आणि छान खळबळून काढलं.

काका बाहेर आले, पातेल्यात बघितलं आणि खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पिस्टनवर खूण नसते गं," ते हळूच म्हणाले. "पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर घासून जोडीनं तयार करतात. दुसऱ्याचा पिस्टन एकतर अडकतो, नाहीतर सैल पडतो. सैल पडला की इंजिन संपलं."

बाबांचं इंजिन मी माझ्या हातानं मारून ठेवलं होतं.

"रडू नकोस. तुझी बोटं शाबूत आहेत ना? तेलाचा थेंब टाक. पिस्टन खालून वर ढकल. वर जाताना घट्ट व्हायला हवा, आणि सोडला की आतल्या हवेनं उसळून मागे यायला हवा."

तीन दुपारी हेच केलं. काका डोळे मिटून विचारत, "काय म्हणतोय?" मी सांगत असे. पहिल्या दिवशी सगळे सारखेच लागले. तिसऱ्या दिवशी तीन जोड्या जमल्या, सगळ्या मोडक्या इंजिनांच्या. उरली एक ठिपक्याची आणि दोन ठिपक्यांची. दोन ठिपक्यांच्या सिलिंडरमध्ये पिस्टन असा उसळला की मला हसू आलं. मग बाबांचं घेतलं. एक ठिपका. पिस्टन आत सोडला तो तसाच घरंगळून तळहातावर पडला.

"काका, बाबांचं गेलं. मी घालवलं."

काकांनी माझा तळहात पिस्टनसकट मिटवला. "ते पंधरा वर्षांपूर्वीच गेलंय," म्हणाले. "पार झिजलं होतं. तसली जोडी कुठेच मिळेना, मी काय कमी शोधली? ही तिन्ही मोडकी इंजिनं तर त्यानंतर हाती आली. मग माझ्या इंजिनातली काढून त्याच्यात घातली आणि त्याची माझ्यात. उघडताना ठिपके बघितले असतेस तर त्याच्या सांगाड्यावर माझं सिलिंडर तुला तेव्हाच दिसलं असतं."

"आणि बाबांना?"

"त्याला कुठलं कळतंय! स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की घाम फुटायचा त्याला."

कंबर दुखते म्हणणाऱ्या या माणसाला मी आळशी म्हणाले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात उभी राहून ऐकणारी काकू पदरानं डोळे पुसत आत निघून गेली. तिला ठाऊक होतं.

मी ती चांगली जोडी हातात घेतली. "ही तुमची आहे, काका. तुमच्याच इंजिनात बसवते."

"छे. त्याच्यातच बसव. पंधरा वर्षांचा संसार आहे तिचा तिथे."

तीन ठिपकेवाल्याचा दांडा बसला. इंजिन फळीवर घट्ट केलं आणि फळी अंगणात पायरीवर ठेवली. काकांनी गुडघ्यावर बसून ती दोन्ही हातांनी धरली. मी इंधन भरून इंजिनाच्या पंख्याला टिचकी मारली. दोनदा नुसती फुरफुर झाली. तिसऱ्यांदा इंजिन कडाडलं आणि अंगणभर एरंडेलाचा वास पसरला. बाबांचा वास.

काकांची मान वर झाली. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत ते सवयीनं मोठ्यानं ओरडले, "सोडू का रे?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझे हात त्यांच्या हातांवर ठेवले.

"इतक्यात नको, काका. अजून थोडं धरून ठेवू."