काका, मूठ आवळा

मुलीच्या मेडिकल कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. सरावाच्या खोलीत टेबलावर एक रबरी हात ठेवला होता, खांद्यापाशीच संपलेला. त्यावर मुलं सुई लावायला शिकतात. कोपराच्या आतली एकच जागा टोचून टोचून काळवंडली होती.

माझी मुक्ता पुढे झाली. कापसाने ती जागा पुसत म्हणाली, "काका, मूठ आवळा. जरासं टोचेल हं." आणि थांबली. खरंच थांबली, त्या हाताची मूठ वळायची वाट बघत. सगळे हसले, मग तीही लाजून हसली. मॅडम म्हणाल्या, "अगं, तो कसली मूठ आवळतोय! टोच."

मला हसू आलं नाही. अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, शेवटच्या आठवड्यात एक नर्स त्यांना असंच सांगायची आणि अशीच थांबायची. अण्णांची बोटं हलायची नाहीत. मीच एकेक बोट वळवायचो. सोडलं की ते हळूच उघडायचं. एकदा चिडून म्हणालो, "सिस्टर, त्यांना कुठे कळतंय आता? टोचा ना." तेही अण्णांनी ऐकलं असेल. दुसऱ्या दिवसापासून तिने सांगणं सोडलं. नुसता हात उचलायची, टोचायची, खाली ठेवायची.

सगळे चहाला गेल्यावर मी त्या हातापाशी गेलो. हळूच म्हणालो, "अण्णा, मूठ आवळा." आणि मुक्ता थांबली होती, त्याहून कितीतरी जास्त वेळ थांबलो.