झाडाचा सोमवार

रोजच्या वहीत मी आधी सिद्धरामेश्वरांचं नाव लिहिते, मग पाणी कधी आलं, कोण आलं, कोण गेलं. आज फक्त दाक्षायणीअक्कांबद्दल लिहिते. त्यांचा घात माझ्याच वहीने केला.

अक्का माझ्या नणंद. अक्कलकोटला दिलेल्या. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला आणि भावाच्या घरी, मागच्या खोलीत आल्या. तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात काठ शिवले. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी आणि सगळंच तिखट. मी नवी असताना भाकरी करपली तर म्हणायच्या, "राहू दे गं, विभूती म्हणून लावू."

सहा वर्षांपूर्वी गोकर्णाचं दर्शन घेऊन आल्या, त्या ओल्या रुमालात बोटभर हिरवी शेंग गुंडाळून. खाडीच्या चिखलात सापडली म्हणे. देवाच्या गावची म्हणून कुंडीत खोचली. माझी मुलगी चंद्रिका हसली, "आत्या, हे कांदळ आहे. खाऱ्या पाण्यातलं झाड. सोलापुरात जगायचं नाही."

"मी जगले की," अक्का म्हणाल्या.

झाड जगलं. अक्कांनी त्याला घरच्यासारखं वागवलं, म्हणजे सोमवारचा उपासही घडवला. त्या दिवशी स्वतः तीर्थावर राहायच्या आणि झाडालाही मुळाशी थेंब नाही. दुपारी पानं माना टाकायची. मग अक्का ओल्या फडक्याने एकेक पान भिजवायच्या. "उपासाला तीर्थ चालतंय." तासा-दोन तासांत पानं ताठ.

मी म्हटलं, "अक्का, फडक्याचं पाणी खाली मातीत ठिबकत असेल."

पुढच्या सोमवारी त्यांनी कुंडीचं तोंड प्लास्टिकने बांधलं, खोडाशी सुतळी आवळली. संध्याकाळी सोडून बघितलं तर माती ठणठणीत कोरडी आणि पानं तरतरीत. "लिही तुझ्या वहीत," अक्का म्हणाल्या. "हे पानानं पितंय."

मी लिहिलं, तारखेसकट. असे अकरा सोमवार.

गेल्या महिन्यात चंद्रिका म्हणाली, "आई, आत्याचे ते सोमवार दे ना. कॉलेजच्या विज्ञान स्पर्धेला लागतात. आत्याचं नाव घालते, शप्पथ." मी वही दिली.

शनिवारी सादरीकरण आणि निकाल होता. अक्का इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या. चंद्रिका माईकवर म्हणाली, "मी कुंडी बांधली. मी पानं भिजवली. मी अकरा वेळा पाहिलं." परीक्षकांनी विचारलं, सोमवारच का? ती हसली. "आमच्या घरी जुन्या वळणाच्या एक बाई आहेत, सर. झाडालाही उपास घडवतात. अंधश्रद्धा, पण मला कोरडा दिवस आयता मिळाला." सगळं सभागृह हसलं. पहिला नंबर आला.

अक्का पदराचं टोक दुमडून बोटांनी आवळत बसल्या, काठ शिवायला घेतात तसं. मी शेजारीच होते. उठले नाही, बोलले नाही.

रिक्षात चंद्रिका म्हणाली, "आत्या, नाव राहिलं गं. वेळच नव्हता."

"हसायला मिळाला की."

घरी आल्यावर अक्कांनी मला एवढंच विचारलं, "वही तू दिलीस?"

"व्हय, अक्का."

काहीतरी तिखट बोलतील म्हणून मी उभी राहिले. त्या खोलीत गेल्या आणि कडी लावली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सोमवार. अक्कांनी लिंगपूजा केली, तीर्थ घेतलं. चंद्रिका फोन घेऊन अंगणात उभी होती. पुढच्या फेरीसाठी तिला फोटो हवे होते. अक्कांनी कुंडीचं प्लास्टिक आणि सुतळी तिच्या हातात ठेवली आणि झाडाच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओतलं.

"आत्या! आज सोमवार! माती कोरडी लागते!"

"उपास माझा हाय. झाडाचा सुटला."

अक्का आत गेल्या. चंद्रिका माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "आई, वहीत लिही ना, आजही पानं भिजवली म्हणून. बारावा सोमवार लागतोय मला."

म्हणून हे लिहिते. आज सकाळी साडेआठ वाजता दाक्षायणीअक्कांनी आपल्या झाडाला मुळाशी पाणी घातलं. पानं भिजवली नाहीत. आधीचे अकराही सोमवार त्यांचेच.