मांजर कुणाकडे पाहतं

चिखलीच्या शाळेत मी जन्मभर चित्रकला शिकवली. म्हणजे काय, तर टेबलावर तांब्या आणि दोन वांगी मांडायची, मागे चादर सोडायची आणि पोरांनी ते काढायचं. स्थिरचित्र! वांगी घरूनच न्यायचो. परत आणली की बायको म्हणायची, "झालं का पाहून? आता भाजी करू देता का?"

माझ्याकडे जुन्या परदेशी स्थिरचित्रांचं एक जाड पुस्तक आहे. लिंबं, काचेचे पेले, ताटात मासे आणि कित्येक पानांवर कोपऱ्यातून घुसलेलं मांजर. सगळं मेलेलं दिसू नये म्हणून चित्रकार मांजर घालतो, असं मी वर्गात ठासून सांगायचो. एकदा गहू निवडता निवडता बायकोनं ते पुस्तक ओढलं.

"काहीबी सांगता पोराईले," ती म्हणाली. "पंजा मासोळीवर आहे, पन डोया पाहा न. ते बाईले पाहून राह्यलं. बाई आतून आली का पाठीत लाटनं बसते, त्याले मालूम आहे."

"चित्रात बाई आहेच कुठं?"

"मंग ते काय भिंतीले भेते?"

मी हसण्यावारी नेलं. नंतर गुपचूप पानं उलटली, तर निम्मीअधिक मांजरं खरंच चित्राबाहेर पाहत होती. कबूल मात्र केलं नाही. मास्तर ना मी!

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तेरावं झालं, पोरगी पुण्याला परतली. एका सकाळी गंजात दूध तापवून निवत ठेवलं आणि झाकायला विसरलो. तिच्या लाटण्याच्या धाकातच मोठं झालेलं शेजारचं पांढरं मांजर ओट्यावर चढलं. तोंड दुधात, डोळा आतल्या खोलीच्या दाराकडे. मी समोर खुर्चीत बसलेला, माझी त्याला काडीची किंमत नाही! या घरात अजून कुणीतरी तिची वाट पाहत होतं.

मग मी मुद्दाम गंज उघडा ठेवू लागलो. चहा कोरा प्यायचो. शेजारी तांब्या आणि दर बाजाराला नवी दोन वांगी मांडून मांडीवर वही घेऊन बसायचो. गंज जमला, तांब्या जमला, वांगी तर काय हातातलीच. डोळा तेवढा जमेना. म्हटलं, उद्या काढू, मांजर कुठं पळून चाललंय?

महिना-दीड महिना गेला. एक दिवस ते आलं आणि आरामात दूध पिऊ लागलं. दाराकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. तिचं लाटणं घेतलं आणि तिच्यासारखाच आतल्या दारात जाऊन उभा राहिलो. "काऊन बे, विसरलं का तिले?" मी ओरडलो. मांजरानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड गंजात घातलं. ती आता येणार नाही, हे त्यालासुद्धा कळलं होतं. मला रडू आवरेना.

लाटणं जागेवर ठेवलं. वांगी पार सुरकुतली होती, त्यांचीच भाजी केली. वहीतल्या मांजराचा डोळा मात्र राहिला तो राहिलाच.