मामाची जागा

देवचंद माझा थोरला भाऊ. सगळा तालुका त्याला नाना म्हणायचा, म्हणून मीही नानाच म्हणते. ब्याण्णवला तो आमच्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आला. आमचा गट साक्रीच्या पश्चिमेला पसरलेला, एका टोकाला माळावरची बाजरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगरातले पाडे. मी बालवाडी शिकवायचे आणि नवरा गेल्यापासून नानाकडेच राहायचे. वहिनी आणि मी सकाळपासून माणसांना चहा पाजायचो, त्यामुळे नानाचं राजकारण मला जितकं कळलं तितकं त्याच्या पक्षालाही कळलं नसेल.

लोकांना वाटतं, मेंबर म्हणजे धुळ्याला जाऊन टेबलावर मूठ आपटणारा माणूस. कसलं काय! नानाचं खरं काम म्हणजे लग्नं आणि मरणं. लग्नसराईत त्याला गावोगाव वरण-बट्टी खावी लागायची. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण "आमच्याकडे नाना जेवला नाही" हे यजमान पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरत नसे. तो खिशात ओव्याची पुडी ठेवायचा आणि जीपमध्ये बसला की चिमूटभर तोंडात टाकायचा. कुणी वारलं की द्वारदर्शनाला, म्हणजे दारावर भेटायला जायचं, मग सुतक फिटताना गंधमुक्तीला. तिथे त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "फार चांगला माणूस होता." मी त्याला चिडवायचे, "नाना, वाईट माणसं आपल्या गटात मरतच नाहीत का रे?" तो हसायचा. पण जायचा मात्र मनापासून. परक्याच्या ओट्यावर बसून त्याचे डोळे खरोखर भरून यायचे, आणि म्हणूनच लोक त्याच्यावर जीव टाकायचे.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात खैरपाड्याचा झिपरू वारला. तापाने फणफणला होता. पाड्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये नाला, नाल्याला पूर, त्यामुळे दवाखान्यात नेताच आलं नाही. पाणी उतरल्यावर नाना दारावर गेला, मीही सोबत होते. नाना खाली बसला, टोपी काढली आणि म्हणाला, "फार चांगला माणूस होता."

झिपरूची बायको शेवंताबाई कोपऱ्यात बसली होती. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, "तू त्यासले वळखत व्हता का, नाना?"

नाना हातातल्या टोपीची घडी घालू लागला.

"त्या चांगला व्हतात हाई माले ठाऊक शे. तुले कसं ठाऊक? नालाले पानी व्हतं तवय तू कोठे व्हता?"

म्हाताऱ्या बायांनी तिला दटावलं. मलाही राग आला, दुःखात असली म्हणून काय मेंबरला असं बोलायचं? नाना मात्र उठताना तिला हात जोडून म्हणाला, "बहीण, तू म्हणतेस ते खरं आहे." परतताना जीपमध्ये त्याने ओवाही खाल्ला नाही.

त्या दिवसापासून नानाला नाल्यावर फरशी, म्हणजे छोटा पूल, बांधायच्या ध्यासाने पछाडलं. लग्नपत्रिका देव्हाऱ्याजवळ साचायला लागल्या आणि नाना धुळ्याला बांधकाम खात्याच्या बाकावर बसायला लागला. सर्वेक्षण झालं. मग साहेब बदलले, नवे साहेब म्हणाले पुन्हा सर्वेक्षण करा. नाना पुन्हा त्यांच्याबरोबर नाल्यात उतरला. अधूनमधून खैरपाड्याला गेला की शेवंताबाईच्या ओट्यावर टेकायचा. ती आता त्याच्याशी बरी बोलायची, गुळाचा चहा द्यायची.

इकडे गटात कुरबुर सुरू झाली. नाना मोठा झाला, नानाला आता गरिबाची बट्टी गोड लागत नाही. रुपचंद नावाचा एक होतकरू गडी याच संधीची वाट पाहत होता. हा एकही लग्न सोडत नसे. पंगतीत धोतर खोचून वाढायचा, नवरीच्या बापाबरोबर रडायचा. कामाच्या नावाने शून्य. पण हजर!

शहाण्णवच्या फाल्गुनात शेवंताबाई स्वतः आमच्या घरी आली. अर्धी वाट चालत, अर्धी मिळेल त्या गाडीने. लेकीचं लग्न ठरलं होतं. तिने नानाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "माले भाऊ नही, नाना. तू माले बहीण म्हनस. मंग पोरना मांगे मामा म्हनीसन तू उभा राह्य."

नाना हरखून गेला. "उभा राहीन," म्हणाला, "माझा शब्द आहे." दुसऱ्याच दिवशी त्याने भाचीसाठी हिरवी साडी आणली. रंग बरा आहे ना, म्हणून मला आणि वहिनीला पुन्हा पुन्हा दाखवली.

आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी धुळ्याहून निरोप आला, बांधकाम समितीची बैठक उद्याच दुपारी आहे. मार्च संपत आला होता. त्या बैठकीत फरशीला मंजुरी मिळाली नाही तर तो पैसा दुसऱ्याच्या रस्त्यावर जाणार, हे नानाला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "नाना, लग्नाला जा. शब्द दिलाय तू."

"अगं कला, ही फरशी कुणासाठी चाललीय? तिच्याचसाठी ना? सगळ्यांत आधी तिलाच कळेल बघ."

"तिला काय कळायचं ते कळेल. त्या पोरीच्या मागे कोण उभं राहणार?"

तो रात्रभर तळमळला आणि सकाळी धुळ्याला गेला. साडी एका कार्यकर्त्याच्या हाती खैरपाड्याला पाठवली, पण आपण येणार नाही असा निरोप द्यायला त्याची जीभ रेटली नाही. बैठकीत तो म्हणे एवढा भांडला की अध्यक्षांनी पाणी मागवलं. मंजुरी मिळाली. मृगाआधी फरशी झाली आणि त्या पावसाळ्यात खैरपाड्याची पोरं नाल्यावरून शाळेत गेली. ती पाहून नानाची छाती भरून यायची. शेवंताबाईला भेटून समजावायचं मात्र राहून गेलं. आधी ती ऊसतोडीला गुजरातेत होती, नंतर नाना आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. लाज वाटत होती त्याला, दुसरं काही नाही.

सत्त्याण्णवची निवडणूक आली. नानाला परत निवडून यायचं होतं, फार यायचं होतं. आणखी तीन नाल्यांवर त्याची नजर होती. रुपचंदने त्याला पाडलं, चांगलं सणकून पाडलं. खैरपाड्याची मतंसुद्धा नानाला पडली नाहीत, असं लोक सांगायला लागले. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी नानाला म्हटलं, चल, मला त्या बाईला विचारायचंय. तो नको नको म्हणत होता, तरी आला.

शेवंताबाईने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मी पाण्याला हातही न लावता विचारलं, "शेवंता, खरं सांग, मत कुणाला दिलंस?"

"रुपचंदले दिधं. लपाडू कसाले?"

"अगं, तुझ्या पाड्याला फरशी कुणी आणली?"

"नानानी लई. माले का दिखत नही? पन फरशी बठ्ठा पाडानी शे, अक्का. लगीन मनी पोरनं व्हतं." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती नानाकडे. "लगीननी टाळी लागानी येळ व्हयनी. बठ्ठा इचारेत, मामा कोठे शे? मी सांगं, थांबा, नाना येस. पोर मांगे वळी वळी देखे. मंग रुपचंद ताटवरथीन उठना, हात धुयात आनि पोरना मांगे जाईसन उभा राह्यना. आते ती त्यालेच मामा म्हनस."

मी समोरचं पाणी उचलून प्यायले. नाना मान खाली घालून बसला होता. त्याने विचारलं, "साडी नेसली होती का गं ती?"

"नेसनी व्हती ना," शेवंताबाई म्हणाली. "तू येशी म्हनीसनच नेसनी."

नाना उठून बाहेर अंगणात गेला. मतमोजणीच्या दिवशी हार कळल्यावर सगळ्यांना चहा पाजणारा माझा भाऊ तिथे चिंचेखाली उभा राहून लहान पोरासारखा रडला.